'देशी' वेगळं, 'प्रदेशनिष्ठ' वेगळं

रविवारी आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवर वृक्षारोपण झालं. फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रदेशनिष्ठ झाडे लावूया'. खाली वड, पिंपळ, कडुनिंब, ताम्हण यांची रोपं. गिरिपुष्पासारखं परदेशी झाड टाळून ही झाडं निवडली याचा मनापासून आनंद झाला. पण तो शब्द चुकलाय, आणि ही चूक हल्ली सगळीकडे दिसते.

ही झाडं देशी आहेत, प्रदेशनिष्ठ नाहीत. ताम्हण आपलं राज्यफूल खरं, पण ते आग्नेय आशियातही आपसूक उगवतं. देशी म्हणजे इथलं. प्रदेशनिष्ठ म्हणजे फक्त इथलंच, निसर्गतः दुसरीकडे कुठेही न सापडणारं. म्हणून 'कुठलं?' हे विचारल्याशिवाय हा शब्द पुरा होतच नाही. भीमाशंकरला दिसणारं शेकरू भारताचं प्रदेशनिष्ठ. आपल्या रस्त्यांवरचा गुलमोहरही प्रदेशनिष्ठच, पण मादागास्करचा! इथे तो माणसानं आणला.

आता शिंदळ माकुडी बघा. सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवरच ती उगवते, त्यातला एक आपल्या जुन्नरचा शिवनेरी. कातळाच्या कपारीतून लोंबणारं मांसल खोड, त्यावर पावसाळ्यात येणारी पानं आणि मधूनच चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं तांबूस फूल, पिवळ्या ठिपक्यांचं. पाऊस सरला की पानं गळतात, नुसतं खोड उरतं. शेजारून गेलात तरी लक्ष जाणार नाही. डाल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया' हे शास्त्रीय नाव दिलं. कंदीलपुष्पांच्या कितीतरी जातीही अशाच, फक्त सह्याद्रीतल्या.

शब्दासाठी एवढा आग्रह का? कारण दोघांना जपण्याच्या रीती वेगळ्या आहेत. वड कमी झाले तर वड लावता येतात. माकुडीला मात्र तिचा कातळ लागतो, मोकळं ऊन लागतं. सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, किंवा गवताळ उतारावर खड्डे खणून झाडं लावली, तर ती देशी असली तरी तिथल्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींच्या मुळावर येतात. तिथे काहीही न लावणं हेच त्यांना जपणं.

संयोजकांना मी हे सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकूनही घेतलं. पुढच्या पावसाळ्यात फलकावर 'देशी झाडे' एवढंच लिहा. आणि कुदळ मारण्याआधी एक पावसाळा त्या टेकडीवर काय काय उगवतं, ते नीट बघून घ्या.