पीव्हीसी पाईप ‘पेटत नाही’, पण आग थांबवतही नाही

पांढरकवड्याकडच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘पीव्हीसी पाईप पेटत नाही, स्लॅबमधून नेताना काही करावं लागत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. ज्योत दूर केली की पीव्हीसी विझतो. पण ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच तो मऊ पडतो. आगीत पाईप गळून पडतो, उरतं चार इंची भोक, आणि खाली साठवलेल्या कापसाचा धूर वर झोपलेल्या लेकरांपर्यंत पोचतो. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराईडही निघतो, घसा-डोळे पोळणारा वायू. भोवती नुसतं सिमेंट भरून भागत नाही, कारण पाईपच नाहीसा होतो. तिथं फायर कॉलर, म्हणजे पाईपभोवती बसणारं आगरोधक कडं, हवी. उष्णतेनं तिच्यातला थर फुगतो आणि मऊ पाईप चेपून भोक बंद करतो. ती स्लॅबच्या खालून बसते, त्यामुळे जुन्या घरातही लावता येते.