फळ्यावरून पुसलेली ओळ

दुपारपासून डोकं भणभणतंय, त्यामुळे जसं येईल तसं लिहितेय.

लेक सातवीत आहे. या आठवड्यात परिपाठाला दिनविशेष लिहायची पाळी तिच्या गटाची. काल रात्री वहीत उतरवून मला दाखवलं, सकाळी रंगीत खडू घेऊन अर्धा तास आधी गेली. परत आली ती तोंड पाडूनच. दप्तर टाकलं आणि म्हणाली, आई, माझी ओळ पुसली.

तिच्या तीन ओळी होत्या. 26 जुलै 1902, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. 26 जुलै 1999, कारगिल विजय दिवस. 26 जुलै 2005, अतिवृष्टी, महाड तालुक्यात दासगाव आणि जुईला दरडी कोसळून माणसं गेली. बाईंनी तिसरी ओळ डस्टरने पुसली, सकाळी सकाळी मुलांना असलं नको म्हणे. आणि पहिलीतले 50 टक्के काढून नुसतं 'महत्त्वाचा आदेश काढला' असं ठेवलं, कारण पालकांच्या ग्रुपवर त्यावरून भांडणं होतात. अहो पण कसला आदेश?? महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते, तिथल्या राजाच्या राज्याभिषेकासाठी गेलेले, आणि इकडे कोल्हापुरात गॅझेटमध्ये हा आदेश छापून आला, अख्ख्या देशात असं कुणी केलं नव्हतं. ते मुलांना सांगायचं नाही तर काय सांगायचं?

आणि ती तिसरी ओळ. माझ्या जवळच्यांना माहितीये, माझी आत्या दासगावची. तेव्हा आम्ही पनवेलला राहायचो. मंगळवार होता. फोन बंद, हायवे बंद, टीव्हीवर फक्त मुंबई, सांताक्रूझला 944 मिलिमीटर, मिठी नदी, बुडलेल्या गाड्या. महाडचं नाव कुणी घेईना. बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले, मिळेल त्या ट्रकने आणि उरलेलं चालत, पिशवीत बॅटरी, मेणबत्त्या आणि आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या. पाच दिवसांनी आले. आत्या नव्हती. पिशवीत आत्याची विळी होती, चिखलात सापडलेली. बाबांनी ती मोरीत ठेवली आणि नळ सोडून तसेच बसून राहिले, लाल माती निघत राहिली, बराच वेळ. आईने शेवटी नळ बंद केला.

ती विळी अजून आहे. पाट एका बाजूने चिरलाय, पातं दोनदा धार लावून बारीक झालंय, आई मासे त्यावरच कापते, दुसरी घेऊन दिली ती माळ्यावर पडलीये. माझी लेक आजीकडे गेली की त्या विळीजवळ बसते. तिने ती ओळ गूगलवरून उचलली नव्हती हो.

बरं, मान्य. बाईंच्या वर्गात साठ मुलं, वरून पालक डोक्यावर बसलेले, त्यांना रोजचा ताप नको असणार. बाई वाईट नाहीत, गेल्या वर्षी लेकीला ताप आला तेव्हा स्वतः रिक्षात घालून घरी सोडून गेल्या होत्या. आणि हेही मान्य की या तीन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तारीख तेवढी एक. पण म्हणून काय ज्यावर कुणी भांडणार नाही आणि कुणी रडणार नाही तेवढंच फळ्यावर ठेवायचं?

आणि कारगिलमध्ये तरी नुसता जल्लोष होता का? 527 जवान गेले. तोलोलिंग, टायगर हिल, ही नावं तेव्हा आमच्या चाळीत पोरासोरांना पाठ होती, आणि पेपरात रोज फोटो यायचे, एकेक कोवळा चेहरा, आई ते फोटो बघून पेपर उलटा घालून ठेवायची. त्या घरांना 26 जुलै कसा जात असेल? विजय तर आहेच, अभिमानच आहे, पण त्या ओळीखालीही रडणं आहेच ना.

मला सगळ्यात जास्त हे लागतं की आमच्याकडची माणसं तेव्हाही कुणी मोजली नाहीत. 26 जुलै म्हटलं की आजही मुंबई. मुंबईत चारशेहून जास्त गेले, त्यांचं दुःख मी कमी म्हणत नाहीये, अजिबात नाही. पण त्याच पावसात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण मिळून जवळपास 200 माणसं मातीखाली गेली. मग 2014 ला माळीण झालं, 2021 ला आमच्याच तालुक्यात तळिये, 2023 ला इरशाळवाडी, सगळं याच जुलै महिन्यात. डोंगराखाली राहणाऱ्या मुलांना हे शाळेत नाही कळायचं तर कुठे कळायचं? आवाज आला, भिंतीला भेग दिसली, विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं तर घर सोडून पळायचं, हे त्या एका ओळीवरून पाच मिनिटांत सांगता आलं असतं की.

उद्या शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. विळी घेऊन जावी असंही मनात आलं, पण आई देणार नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोरीनं दासगावचं नाव नीट लिहिलं होतं ना?"

म्हटलं हो बाबा. हिरव्या खडूने.