नामदेवांचा अभिमान आहे, पण ग्रंथात त्यांच्या शेजारी कोण बसलंय तेही बघा

गुरुनानक जयंती आली की आपल्याकडे एक मेसेज हमखास फिरतो, 'आमच्या संत नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.' आहेतच, तब्बल 61. मलाही त्याचा अभिमान वाटतो. पण ती तिथं घेतली कुणी आणि ठेवली कुणाच्या शेजारी, याबद्दल त्या मेसेजात अक्षरही नसतं.

हे काम पाचवे गुरू अर्जुनदेव यांचं. अमृतसरला रामसर तळ्याकाठी ते सांगत गेले आणि भाई गुरदास लिहीत गेले. 1604 मध्ये पोथी हरिमंदिरात, म्हणजे आजच्या सुवर्णमंदिरात आली. तिच्यात गुरूंची वाणी आहेच, पण कबीर विणकर, रविदास चांभार, सेना न्हावी, नामदेव शिंपी आणि सूफी शेख फरीदही आहेत. त्यांच्यासाठी मागं वेगळं परिशिष्ट जोडलेलं नाही. ज्या रागात गुरूंची पदं, त्याच रागात पुढं यांची. परंपरा सांगते की पोथीची स्थापना झाल्यावर ती उंच आसनावर ठेवून अर्जुनदेव स्वतः खाली जमिनीवर झोपत. म्हणजे गुरू ज्या वाणीपुढं वाकला, तिच्यात रविदासही आले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला!

नामदेवांचं भैरव रागातलं पद तर प्रत्येक मराठी माणसानं वाचावं. हसत-खेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो, तर नाम्याला धरून उठवलं. माझी जात हीन, शिंप्याच्या जन्माला का आलो, असं ते देवालाच विचारतात. आपल्याच माणसाचं हे दुखणं पंजाबात चारशे वर्षं गायलं जातंय. इकडे आपल्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, आणि त्यांच्या जातभाईंना मंदिरात शिरायला 1947 साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. अभिमानाच्या मेसेजात हेही यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

शीख गुरूंचं नाव काढलं की आपल्याला आधी तलवार आठवते. सहाव्या गुरूंपासून ती आहे, आणि ती का उचलावी लागली हेही उघड आहे. अर्जुनदेवांना 1606 मध्ये लाहोरात हाल हाल करून मारलं होतं. नववे गुरू तेगबहादूर 1675 मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात गेले ते काश्मिरी पंडितांच्या धर्मासाठी. ज्या जानव्याला नानकांनी लहानपणीच नकार दिल्याची कथा आहे, ते दुसऱ्याच्या गळ्यात राहावं म्हणून त्यांच्या गादीवरच्या नवव्यानं शीर दिलं. मला यापुढं शब्दच सुचत नाहीत.

तरीही मला विचाराल तर गुरूंचं सर्वांत मोठं काम माणसांना शेजारी बसवण्याचं. तिसरे गुरू अमरदास यांचा गोइंदवालला नियमच होता, आधी पंगतीत जेवा, मग भेटा. नांदेडला हजूरसाहिबच्या लंगरात आजही बघा. 'प्रशादा जी' म्हणत सेवादार येतो, आपण दोन्ही हात पुढं करायचे, वरून पोळी ओंजळीत पडते. बाजूला कोण बसलंय, कुठल्या गावचं, कुठल्या आळीतलं, कुणी विचारत नाही.

1699 च्या वैशाखीला आनंदपुरात गुरू गोविंदसिंगांनी शीर मागितलं तेव्हा जे पाच जण उठले, त्यांत द्वारकेचा मोहकमचंद शिंपी होता, पुरीचा हिंमतराय पाणक्या होता आणि आपल्या शेजारच्या बीदरचा साहिबचंद न्हावी होता. गुरूंनी त्यांना अमृत, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा दिली, आणि मग त्यांच्याचपुढं हात जोडून त्यांच्याकडून स्वतः ती घेतली. आपल्या चेल्यांपुढं असा उभा राहिलेला दुसरा धर्मगुरू मला तरी माहीत नाही.

आता कटू भाग. गुरूंनी एवढं करूनही पंजाबातून जात गेली नाही. कित्येक गावांत आजही दलितांचे गुरुद्वारे आणि स्मशानं वेगळी आहेत. ऑक्टोबर 1920 मध्ये तर खुद्द हरिमंदिरात अमृत घेतलेल्या दलित शिखांचा कडाह प्रसाद (शिऱ्याचा प्रसाद) पुजाऱ्यांनी नाकारला होता. वाद पेटला. शेवटी ठरलं की ग्रंथसाहिब उघडायचा आणि जे पान निघेल तो निर्णय. निघालं अमरदासांचं पद: ज्यांच्याकडं काही गुण नाहीत त्यांनाही तो स्वतःच क्षमा करतो आणि सेवेला लावतो. पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. तिथूनच गुरुद्वारे महंतांच्या हातून सोडवण्याच्या चळवळीनं जोर धरला आणि पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली. माझ्या लेखी अर्जुनदेवांच्या कामाची थोरवी इथं दिसते. तीनशे सोळा वर्षांनी दारात अडवलेल्या माणसाला दाखला शोधायला बाहेर कुठं जावं लागलं नाही, तो आतच, सगळ्यांत उंच आसनावर होता.