शब्द पाडणं हा रिकामटेकडा उद्योग?

नमस्कार. मी सुचवलेल्या नव्या शब्दांवरची तुमची प्रतिक्रिया झोंबरी आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं: इंग्रजीत ज्या कल्पनेला नाव नाही तिची कुणाला गरजच नसणार, नाहीतर लोकांनी शब्द आपोआप केला असता, टेबलाशी बसून शब्द पाडणं हा रिकामटेकडा उद्योग.

गरज असली की शब्द असतोच, हे मला पटत नाही. 'परवा' म्हणायची वेळ इंग्रजी बोलणाऱ्यावरही सारखी येते. सोळाव्या शतकात त्यासाठी इंग्रजीत 'ओव्हरमॉरो' होता. तो वापरातून गेला, आणि आता तिथे 'द डे आफ्टर टुमॉरो' अशी चार शब्दांची वरात काढावी लागते. गरज काही कमी झाली नव्हती.

आणि 'आपोआप' म्हणजे नक्की कसं? 'सायंटिस्ट' हा शब्द विल्यम ह्यूएल या इंग्रज विद्वानांनी 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर घडवला. १८३४ मध्ये तो छापून आला. साठ वर्षांनंतरही जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांना तो कर्णकटू वाटत होता. (तेव्हा तुम्ही नाकं मुरडणाऱ्यांच्या चांगल्या संगतीत आहात.) विजेवर संशोधन करणाऱ्या फॅरेडे यांना 'अ‍ॅनोड' आणि 'कॅथोड' ही विजेच्या दोन टोकांची नावं सुचवणारेही हेच ह्यूएल, तेही पत्रांतून. टेबल इथेही होतंच.

पण मला खरं बोलायचंय ते राफाएल लेम्किन यांच्याबद्दल. हे पोलंडमधले ज्यू कायदेतज्ज्ञ. एखादा मानवसमूहच नष्ट करण्याला आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवावं, असा प्रस्ताव त्यांनी १९३३ मध्ये माद्रिदच्या परिषदेसाठी मांडला. त्यासाठी वापरले ते हाताशी असलेलेच शब्द: 'बार्बरिटी' आणि 'व्हँडॅलिझम'. प्रस्ताव बारगळला. त्याला कारणं राजकीय होती हे मान्य, पण माझ्या मते शब्दांनीही घात केला. कुठल्याही क्रौर्याला लोक 'बार्बरिटी' म्हणतच होते. त्यात हा वेगळा गुन्हा दिसणार कसा? पुढे १९४१ मध्ये नाझींच्या कत्तलींबद्दल बोलताना चर्चिल म्हणाले, की आपण एका निनावी गुन्ह्यासमोर उभे आहोत. मग लेम्किन यांनी ग्रीक 'जेनोस' म्हणजे वंश आणि लॅटिनमधून आलेलं, मारण्याच्या अर्थाचं 'साइड' जोडून 'जेनोसाइड' घडवला. १९४४ मध्ये तो छापला गेला, पुढच्याच वर्षी नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या आरोपपत्रात आला, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्या नावाचा करारच संमत केला. गुन्हा जुनाच होता. पण करारात लिहायचं काय, त्याची व्याख्या कशाची करायची, हे नावाशिवाय ठरत नव्हतं.

तुमच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवत नाही. व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना इंग्रजीत 'ही' (he) म्हणायचं की 'शी' (she), हा पेच सोडवायला चार्ल्स कॉन्व्हर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात 'थॉन' हे सर्वनाम काढलं. ते १९३४ च्या वेब्स्टर कोशात शिरलं आणि १९६१ च्या आवृत्तीतून बाहेर पडलं. लोकांनी आपला जुना, अनेकवचनी 'दे'च (they) एकवचनी वापरला. म्हणजे निवडतात लोकच, यावर आपलं दुमत नाही. पण निवडायला आधी कुणीतरी काहीतरी पुढे ठेवायला लागतं, एवढाच माझा हट्ट.

मी सुचवलेले शब्द कुणी वापरणार नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. बहुतेक नाहीच वापरणार. पुढच्या आठवड्यात आणखी चार सुचवतोय.