सव्वा महिना आणि १८० गोळ्या

बाळंतपणात मी सगळ्यात जास्त कशासाठी तळमळले असेन तर पाण्यासाठी. तांब्याभर साध्या पाण्यासाठी.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. डोक्याला रुमाल, कानात कापसाचे बोळे, बाजेखाली शेगडी. पाणी मात्र ओवा घालून उकळलेलं, तेही घोट घोट. "पाणी ढोसलंस तर पोट सुटेल," इति आजी. आजीपुढे आई बोलत नाही, आईपुढे मी. दिवसरात्रीत दहा-बारा वेळा बाळाला पाजायचं आणि स्वतः कोरड्या घशानं पडून राहायचं!

त्यात टाके, त्यात लोहाच्या गोळ्या. चौथ्या दिवशी संडासात रडले. (लाजू कशाला, भोगलेल्या बायकांना कळेल.) लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं आणि कधीकधी कडकही होतं. अशा वेळी पाणी वाढवायला हवं होतं. आमच्याकडे "गोळ्या उष्ण पडल्या" असा निकाल लागला आणि गोळ्या कपाटात गेल्या.

तीन महिन्यांनी जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६.

आपल्याकडे या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस द्यायच्या असतात हे बऱ्याच जणींना ठाऊक असतं. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या असतात, हे मला तरी घरात कुणी सांगितलं नव्हतं. सव्वा महिना झाला, बाळंतीण उठली, संपलं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला. म्हणजे मुळात रक्त कमी, त्यात बाळंतपणात आणखी गेलं, आणि भरून काढायच्या वेळी गोळी बंद.

बरं, घेणारीही चहाबरोबर घेते. चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्या जोडीनं नको, मध्ये दोन तास जाऊ द्या.

लाडवांवर माझा राग नाही हं. अळिवाचे लाडू मी आजही मागून खाईन. आणि मालिश करायला यायच्या त्या मावशी! दिवसभरात "तुझं काय दुखतंय गं?" असं विचारणारं तेवढंच एक माणूस होतं. बाकी पाहुणे नाक कुणावर गेलंय ते बघून जायचे.

वहिनीचं बाळंतपण गावी झालं, तिथं आशाताई घरी यायच्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळाचं वजन करायच्या आणि आईलाही विचारायच्या, अंगावरून किती जातंय, ताप आहे का. तासाभरात पॅड भिजत असेल किंवा डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर काढा करत न बसता थेट दवाखाना गाठायचा, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

वहिनीच्या उशाशी मी पाण्याचा मोठा तांब्या भरून ठेवला होता. आजीनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"निदान कोमट तरी कर."