पूल ओहोटीला, पोहणं भरतीला

एका प्रवासलेखात अंदमानच्या शहीद द्वीपवर (जुनं नाव नील) लक्ष्मणपूर-२ किनाऱ्यावरचा नैसर्गिक दगडी पूल आणि भरतपूर किनाऱ्यावरचं स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) एकाच दुपारी उरकायला सांगितलंय. ते जमत नाही. पूल ओहोटीलाच नीट गाठता येतो, आणि तेव्हाच भरतपूरचं पाणी इतकं मागे जातं की प्रवाळ उघडे पडतात. तिथे शिरलात तर गुडघे सोलतात, प्रवाळही मोडतात. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त मागे हटतं, पुलासाठी तेच दिवस धरा. सूर्यही आपल्याकडच्यापेक्षा बराच लवकर मावळतो.

लातूर-नांदेडकडच्या, विहिरीत पोहायला शिकलेल्यांना कळकळीनं सांगतो: विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं ओढतं. लाइफ जॅकेट घालाच. ओढ लागली तर तिच्याशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकानं श्वास आत ओढा. चिकटून राहिला तरच मापाचा. मिशीतून पाणी झिरपतं, नाकाखालची बारीक पट्टी तरी काढा. काचेला आतून थुंकी चोळून विसळली की वाफ धरत नाही. पाणी शिरलंच तर मान थोडी वर करून मास्कची वरची कड दाबा आणि नाकानं जोरात श्वास सोडा, पाणी खालून निघतं. नळीतलं पाणी एका जोरदार फुंकरीनं उडवा.

आणि प्रवाळाचा मेलेला तुकडाही खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे.