जखमी कोंबडीला जगवणे हे क्रौर्य आहे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. भटक्या कुत्र्याने पाठ फाडलेल्या आमच्या गावठी कोंबडीची घरी केलेली शुश्रूषा मी लिहिली होती. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. इतक्या जखमी पक्ष्याला जगवत ठेवणे म्हणजे स्वतःच्या समाधानासाठी त्याचे हाल लांबवणे होय. ५०० रुपयांच्या कोंबडीमागे एवढा खटाटोप व्यवहारात बसत नाही. आणि हळद व खोबरेल तेल घरात असताना मी त्यांना उगाच नावे ठेवली. पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यालाच देते.

काही जखमांत कोंबडी जगवू नये, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. पोट फाटून आतडी बाहेर आली असतील किंवा मणका मोडून दोन्ही पाय लुळे पडले असतील, तर सवयीच्या माणसाकडून तिची मान एका झटक्यात मोडून घेणे हीच दया. मात्र हा निवाडा जखम किती मोठी दिसते यावरून करता येत नाही. पाठीची कातडी तळहाताएवढी सोलली गेली, तरी खालचे मांस शाबूत असेल तर ती जखम बहुधा भरून येते. उलट पंखाखाली पिसांत दडलेले दाताचे एक बारीक छिद्र जीव घेऊ शकते, कारण पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या पातळ हवेच्या पिशव्या शरीरभर पसरलेल्या असतात आणि त्यांतली एक फुटली की हवा कातडीखाली शिरून तो भाग फुगतो व दाबल्यावर चरचरतो. म्हणूनच पिसे बाजूला सारून सगळे अंग बोटांनी चाचपावे, असे मी लिहिले होते.

डोळे मिटून बसलेली कोंबडी ‘मरणाची वाट पाहत होती’, असे आपण म्हणता. पहिल्या रात्री ती धक्क्यात होती. कोंबडीच्या अंगाचे तापमान एरवी ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. धक्क्यात ते उतरते, आणि तेव्हा तिला ऊब, अंधार व शांतता यांपलीकडे फारसे काही लागत नाही. पाणीसुद्धा चोचीत ओतायचे नाही, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि घाईने पाजलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला की ती आपणहून गिळते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. भिजवलेली कणी ती स्वतः टिपते का, गळ्याखालची अन्नाची पिशवी संध्याकाळी भरून सकाळपर्यंत रिकामी होते का, शिट हिरवी व तुटपुंजी पडते की घट्ट होऊ लागली आहे, हे पाहायचे. आमच्या कोंबडीच्या या खुणा सुधारत गेल्या, म्हणून उपचार चालू ठेवले. त्या बिघडत गेल्या असत्या तर मीही आपलाच मार्ग धरला असता.

पक्षी वेदना लपवतात, हे आपले म्हणणे मात्र पूर्णपणे खरे आहे, आणि म्हणूनच वेदनाशामक औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे. घरातली माणसांची गोळी कुटून देऊ नये. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती, त्यामुळे २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. कोंबडी म्हणजे गिधाड नव्हे, पण पक्ष्याच्या बाबतीत अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही, एवढे त्यातून कळावे.

आता हळदीविषयी. माझा विरोध हळदीच्या गुणाला नाही, थापण्याला आहे. तेलात कालवलेली हळद जखमेवर वाळून पापुद्रा धरते, खाली माती आणि पिसांचे तुकडे अडकतात आणि मांस गुलाबी आहे की काळे पडते आहे, ते पिवळ्या रंगात दिसेनासे होते. तेलाने चिकटलेल्या पिसांत ऊबही राहत नाही. शिवाय पक्ष्यांचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही. तो सुक्या पनीरसारखा घट्ट गोळा होऊन कातडीखाली बसतो, त्यामुळे ‘आपोआप वाहून जाईल’ या भरवशावर राहता येत नाही. असा गोळा पशुवैद्याकडून काढून घ्यावा लागतो. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा मीठ घालून जखम धुणे, हा उपाय हळद थापण्याहून सोपा आणि स्वस्त आहे. माश्या मात्र कटाक्षाने दूर ठेवाव्यात, कारण त्यांच्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर पडतात.

खर्चाबद्दल वाद घालणार नाही. ज्याला परवडत नाही त्याने औषध सुरू करण्यापूर्वीच कोंबडी कापली, तर मी त्याला निर्दय म्हणणार नाही. एकदा प्रतिजैविक दिले की मात्र पशुवैद्य सांगतील तितके दिवस तिचे अंडेही खायचे नाही, मग मांसाची गोष्टच दूर. म्हणजे ‘बघू, नाही जगली तर रस्सा करू’ हा मधला मार्ग उरत नाही, आणि निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो.

शेवटी आपण विचारले आहे की, बरी झाली तरी बाकीच्या कोंबड्या तिला टोचून मारणार नाहीत का. लाल जखम दिसली तर नक्की टोचतील. म्हणून कातडी पूर्ण मिळून येईपर्यंत तिला खुराड्यातच जाळीआड ठेवावे, म्हणजे तिची ओळख टिकते आणि चोच पोचत नाही. मुळासकट उपटलेली पिसे काही आठवड्यांत पुन्हा फुटतात, पण त्या कोवळ्या नळ्यांत रक्त असते व चोच लागली की ते वाहते. त्यामुळे नवी पिसे उमलेपर्यंत जाळी काढण्याची घाई करू नये.